धाप, बेडका आणि "आमच्यावर प्रयोग करतायत का?"

या वेळी आलेले प्रश्न जवळपास सगळेच रत्नागिरी-सिंधुदुर्गातले आहेत आणि सगळेच छातीचे. नावं छापत नाहीये, गाव किंवा तालुका तेवढा ठेवलाय, लांब पत्रं थोडी कापलीत. उत्तरं वाचताना एक गोष्ट सतत जाणवेल, ती आधीच सांगते, आपल्याकडे छातीच्या आजारात औषध आधी सुरू होतं आणि तपासणी मागून होते, कधीकधी होतच नाही, आणि याचा मला मनापासून त्रास होतो कारण त्यात माणसांची वर्षं जातात.

प्रश्न : माझ्या आईचं वय ६२. तिने कधी विडी ओढली नाही, मिश्री सोडली तर तंबाखूही नाही. चार-पाच वर्षं झाली, घाटी चढताना धाप लागते, सकाळी बेडका पडतो. गावातले डॉक्टर दमा म्हणून इंजेक्शन देतात, वाफ देतात, आठ दिवस बरं असतं मग परत तेच. गणपतीत भाऊ मुंबईहून आला तो तिला घेऊन गेला, तिथे सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) सांगितलं आणि पंप (इनहेलर) दिला. आता वाडीतले म्हणतात पंपाची सवय लागते, तो अगदी शेवटचा उपाय. आणि सीओपीडी तर सिगरेट ओढणाऱ्यांना होतो ना? (एक वाचक, लांजा तालुका)

उत्तर : तुमच्या आईने विडी ओढली नसेल पण धूर मात्र आयुष्यभर छातीत घेतलाय. स्वयंपाकाची चूल, न्हाणीतली पाणी तापवायची चूल, उन्हाळ्यात भाजावळ, अंगणातला पातेरा जाळणं, हे सगळं बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला होता. त्यांचा मुद्दा सरळ होता, जगात तंबाखू ओढणारे साधारण १ अब्ज आणि लाकूड, शेणी, काटक्या, कोळसा यांच्या धुरात राहणारे साधारण ३ अब्ज, म्हणजे या आजाराचं जगातलं सगळ्यात मोठं कारण चुलीचा धूर असू शकतो. तेव्हा सिगरेट नाही म्हणून सीओपीडी नाही, असं धरून चालू नका.

आता दमा की सीओपीडी हे नुसतं छातीला नळी लावून ठरत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री हवी. पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि जोराने, न थांबता, शेवटपर्यंत फुंकायचं. एकूण हवेपैकी किती हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर आली ते मशीन मोजतं, मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटं थांबवतात आणि परत फुंकायला लावतात. औषधानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली राहिला तर श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्यात असं समजतात, हे सीओपीडीचं लक्षण. आणि औषधाने पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याकडे बोट जातं. (दम्याचा माणूस बरा असताना रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून एका नॉर्मल रिपोर्टवर दमा नाही असं म्हणत नाहीत.) मुंबईत ही तपासणी झाली होती का ते कागदांत बघा. झाली नसेल तर करून घ्या, सुई नाही, टोचणं नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

पंपाची सवय लागत नाही. चष्म्यासारखी गरज असते तोवर वापरायची वस्तू आहे ती. पंपातल्या स्टेरॉइडचा एक डोस साधारण २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, आणि तोही थेट नळ्यांत जातो. गोळीतून स्टेरॉइड देतात तेव्हा दिवसाला २०-४० मिलिग्रॅम सगळ्या अंगभर फिरतं. तुमच्या आईला आठ दिवस बरं वाटायचं ते इंजेक्शन कसलं होतं ते त्या डॉक्टरांना जरूर विचारा, स्टेरॉइड असेल आणि वर्षातून चार-पाच वेळा घेतलं असेल तर साखर, हाडं, डोळे तपासायला हवेत. पंप घेताना स्पेसर वापरायला सांगा, तो प्लास्टिकचा फुगा लावला की औषध घशात न बसता खाली उतरतं, आणि स्टेरॉइडवाल्या पंपानंतर चूळ भरायची.

दमाच निघाला तर एक नवीन गोष्ट माहीत असू दे. पूर्वी बारीक दमा असेल तर फक्त लगेच आराम देणारा निळा पंप देत. २०१८-१९ मध्ये मोठे अभ्यास झाले त्यांत दिसलं की सूज कमी करणारं औषध सोबत असलेला पंप लागेल तेव्हा घेतला तरी मोठे अटॅक बरेच कमी होतात, आणि २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मोठ्या माणसांत नुसत्या निळ्या पंपावर ठेवणं बंद करायला सांगितलं. अजून कितीतरी लोक फक्त निळ्यावरच आहेत. आणि आई अजून चुलीवर पाणी तापवत असेल तर ते काम उद्यापासून दुसऱ्या कुणीतरी किंवा गॅसने करावं, मच्छरांची कॉइल बंद खोलीत लावत असाल तर तीही बंद. चीन आणि मलेशियातल्या कॉइलींच्या एका अभ्यासात एका कॉइलचा बारीक कणांचा धूर ७५ ते १३७ सिगरेटींएवढा निघाला होता. मच्छरदाणी लावा.

प्रश्न : घरी तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र आहे, कोविडनंतर आणलेलं. मी तिन्ही चेंडू वर नेतो. मग स्पायरोमेट्री कशाला? (गुहागर)

उत्तर : ते यंत्र व्यायामाचं आहे, आणि त्यात हवा आत ओढायची असते, फुंकायची नसते. नळ्या अरुंद आहेत की नाही हे त्याने कळत नाही. तिन्ही चेंडू वर जाणाऱ्या माणसालाही सीओपीडी असू शकतो.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला टीबी झालाय, साध्या औषधांना दाद न देणारा. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याला विचारलं की कमी महिन्यांच्या औषधांचा अभ्यास चालू आहे, भाग घेणार का. पंधरा पानांचा कागद दिलाय. घरी सगळे घाबरलेत, वडील म्हणतात गरिबाच्या पोरावर प्रयोग करतायत. भाऊ म्हणतो तूच ठरव. मी काय करू? (एक ताई, कुडाळ)

उत्तर : ताई, वडिलांची भीती खोटी नाही. गरीब माणसाला न विचारता, न सांगता त्याच्यावर औषधं वापरून बघितली गेलीत, जगातही आणि आपल्या देशातही, त्यामुळेच आता कायदे कडक झालेत. पण टीबीच्या बाबतीत थोडा इतिहास सांगते, मग ठरवा.

१९४७ साली इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अगदी थोडं उपलब्ध होतं, सगळ्यांना पुरणार नव्हतं. तेव्हा तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ रुग्ण घेतले आणि कुणाला औषध मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठेवलं. ५५ जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना त्या काळची नेहमीची विश्रांतीच. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ गेले, दुसऱ्यातले १४. ही गोष्ट १९४८ मध्ये छापून आली आणि चिठ्ठीने गट पाडून औषध तपासायची पद्धत वैद्यकशास्त्रात तिथून रुजली. त्याच अभ्यासात अजून एक दिसलं, एकटं औषध दिलं की जंतू काही महिन्यांत त्याला सरावतात. म्हणून पुढच्या अभ्यासात दोन औषधं एकत्र दिली, आणि आज टीबीच्या पेशंटला सुरुवातीला चार औषधं एकदम का देतात याचं मूळ तिथे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली आणि मला त्याचा फार अभिमान आहे. पूर्वी टीबी म्हटलं की सॅनेटोरियम, माणूस महिनोन् महिने घरापासून तुटायचा, परत आला तरी गावात कुणी जवळ करायचं नाही. १९५६ मध्ये मद्रासला टीबी संशोधन केंद्र सुरू झालं आणि त्यांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांचे चिठ्ठीनेच दोन गट केले, अर्धे सॅनेटोरियममध्ये, अर्धे आपापल्या घरी, औषधं तीच. घरं लहान, माणसं जास्त, जेवण सॅनेटोरियमच्या मानाने कमी. १९५९ मध्ये निकाल आला, घरी औषध घेणारेही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त टीबी झाला असंही नाही. आज तुमचा भाऊ कुडाळला घरात राहून औषध घेऊ शकतो तो त्या लोकांनी होकार दिला म्हणून.

आणि तुमच्या भावाला झालेला टीबी, म्हणजे रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा, त्याला काही वर्षांपूर्वीपर्यंत १८-२० महिने औषधं लागायची, त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन, आणि त्या इंजेक्शनने बऱ्याच जणांची ऐकण्याची शक्ती जायची. पुढे चार औषधांची सहा महिन्यांची पद्धत अभ्यासांत चांगली ठरली, जागतिक आरोग्य संघटनेने ती २०२२ मध्ये मान्य केली आणि भारत सरकारने २०२४ मध्ये. त्या अभ्यासांत भाग घेणारेही कुणाचे तरी भाऊच होते.

आता तुमच्या हातातले कागद. ते मराठीत आहेत का ते आधी बघा, नसतील तर मराठीत मागा, समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे. त्यात सीटीआरआय नंबर असला पाहिजे, भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल त्या सरकारी नोंदणीत २००९ पासून घालावीच लागते आणि ती वेबसाइट कुणालाही फुकट बघता येते, कॉलेजात जाणारा घरातला मुलगा दहा मिनिटांत शोधून देईल. हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची (अभ्यासात रुग्णावर अन्याय होत नाही ना हे बघणारी समिती) मंजुरी आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर असला पाहिजे. मग डॉक्टरांना तोंडावर विचारा, दुसऱ्या गटात पडला तर भावाला काय मिळणार? टीबीमध्ये त्याचं उत्तर "आज उपलब्ध असलेले सगळ्यात चांगले नेहमीचे उपचार" हेच हवं, बिनऔषधाचं कुणालाही ठेवत नाहीत. त्रास झाला तर खर्च कोण करणार? २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात आणि नुकसानभरपाईही आहे. मध्येच नको वाटलं तर? कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि म्हणून पुढचे उपचार कुणी तोडू शकत नाही. मुंबईला किती वेळा जावं लागेल, कोकणकन्येचं भाडं कोण देणार, मजुरी बुडेल त्याचं काय, हेही विचारा, लाजू नका.

या प्रश्नांना कुणी नीट बसून उत्तर देत असेल तर माझं मत होकाराकडे झुकतं, कारण अशा अभ्यासात पेशंटवर एरवीपेक्षा जास्त लक्ष असतं. कुणी घाई करत असेल, "सही करा, मग सांगतो" म्हणत असेल, तर नाही म्हणा आणि सरकारी टीबी केंद्रातून नेहमीचे उपचार चालू ठेवा. आणि एक, ठरवायचं तुमच्या भावाने. तुम्ही सोबत बसा, वाचून दाखवा, पण सही त्याची आणि निर्णयही त्याचाच.

प्रश्न : नवऱ्याला टीबीची औषधं चालू आहेत, दोन महिने झाले. सासूबाईंनी मासळी, अंडी सगळं बंद केलंय, "खोकलो वाढतलो" म्हणतात. तो पेज आणि लोणच्यावर आहे, वजन अजून उतरतंय. (वेंगुर्ला)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. टीबीच्या २८०० रुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला धान्याची पिशवी दिली. त्यात जे रुग्ण पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढवू शकले, म्हणजे ४० किलोचा माणूस ४२ झाला, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. घरच्या दहा हजारांवर माणसांपैकी ज्या कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ जास्तीची मिळाली त्यांच्यात नवीन टीबी ३९ टक्के कमी झाला. डाळ-तांदूळच! तेव्हा नवऱ्याचं पोट भरणं हा उपचारच आहे, आणि तुम्ही, सासूबाई, मुलं यांनीही पोटभर जेवायचंय. टीबी रुग्णांच्या जेवणासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) खात्यात येतायत का ते आरोग्य केंद्रात विचारा.

मासळी द्या. फक्त एक खरी अडचण आहे ती सांगते. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड घेणाऱ्या काही माणसांना शिळा बांगडा किंवा कुपा खाल्ला तर अंग लाल होणं, डोकं ठणकणं, धडधड, खाज असा त्रास होतो, कारण ती मासळी बर्फाशिवाय राहिली की तिच्यात हिस्टामीन तयार होतं आणि हे औषध ते शरीरात लवकर मोडू देत नाही. शिजवल्याने हिस्टामीन जात नाही. म्हणून बांगडा, कुपा अगदी ताजा मिळाला तरच, खारवलेला बांगडा औषधं संपेपर्यंत नको. कोळंबी, मुडदुशे, बोंबील, पापलेट ताजे असले की चालवा. अंडी, चवळी, कुळथाची पिठी सगळं चालतं. दारू मात्र एक थेंबही नको, ही औषधं यकृतावर ताण देतात. उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि दोन महिने औषध घेऊन वजन उतरतंय हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, नुसत्या जेवणावर ढकलू नका, बेडका परत तपासायला हवा, साखरही.

प्रश्न : वय ५४. सिलिका वाळूच्या धुलाईवर २० वर्षं काम केलं. एक्स-रेत डाग आले म्हणून दोनदा टीबीचा कोर्स झाला, बेडका कधी तपासला नाही. आता परत डाग दिसतायत आणि तिसरा कोर्स सांगतायत. (कासार्डे परिसर)

उत्तर : दादा, बेडका तपासल्याशिवाय तिसरा कोर्स सुरू करू नका. एक्स-रे म्हणजे सावली. जुन्या बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण, सिलिकोसिस (वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार), गाठ, बुरशी, सगळ्यांची सावली सारखी दिसू शकते. सकाळी चूळ भरून, मोकळ्या हवेत, खोल खोकून बेडका काढा, थुंकी नको, आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे बेडक्यात टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी, करायला सांगा. ट्रूनॅट हे मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं, काही तासांत टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही दोन्ही सांगतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. सरकारी यंत्रणेत फुकट होतं. तुमचे आधी कोर्स झालेत त्यामुळे मेलेल्या जंतूंमुळेही कधीकधी पॉझिटिव्ह येतं, म्हणून सोबत कल्चरही (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवायला सांगा, त्याला आठवडे लागतात पण खात्री होते.

आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य कामाचं सांगा, वाळूत किती वर्षं होतो, कोरडी चाळायचो की ओली. सिलिकोसिसमध्ये ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुफ्फुसात कायमचे बसतात, तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. तो बरा करणारं औषध आज नाही, पण तो असला की टीबीचा धोका कितीतरी पटीने वाढतो, त्यामुळे तुम्हाला दोन्हीही असू शकतं. बेडका निगेटिव्ह आला आणि डाग वाढतोय तर सीटी आणि गरज पडली तर दुर्बीण, तेही लवकर. टीबी समजून औषधं देत राहिले आणि निघाला कॅन्सर, असं आपल्या देशात फार वेळा घडतं. धुळीचं काम आता सोडा. सिलिकोसिस ठरलाच तर तो कायद्याने कामाचा आजार आहे, भरपाई मागता येते, जुनी हजेरीची कार्डं, पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : बाबांना बांबोळीला (गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) नेलं, फुफ्फुसं कडक झालीत म्हणाले, आयपीएफ (कारण न कळता फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार). आधी एका ठिकाणी वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या आता कमी करतायत. आधीचं चुकीचं होतं का? (मालवण)

उत्तर : कित्येक वर्षं जगभर तेच देत होते, स्टेरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन एकत्र. तर्क बरोबर वाटायचा, सूज कमी करा म्हणजे कडकपणा थांबेल. मग अमेरिकेत नीट गट पाडून तुलना केली. मधल्या तपासणीतच दिसलं की ही तीन औषधं घेणाऱ्यांत ८ मृत्यू आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत १, म्हणून ते औषध तिथेच थांबवलं. २०१२ मध्ये हे छापून आलं आणि जगभरची पद्धत बदलली. आता पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं आहेत, ती फुफ्फुसाची घसरण साधारण निम्म्याने हळू करतात, गेलेलं परत आणत नाहीत, हे स्पष्ट समजून घ्या म्हणजे नंतर निराशा होणार नाही.

पण सगळी कडक फुफ्फुसं आयपीएफ नसतात. २०१७ मध्ये भारतातल्या हजारावर रुग्णांची नोंद छापली गेली त्यात जवळपास निम्मे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निघाले, म्हणजे पक्ष्यांची पिसं-विष्ठा, कूलर, बुरशी यांच्या ॲलर्जीने झालेले, आणि त्या आजारात स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो. घरात कबुतरं, कोंबड्यांचं खुराडं, पावसात भिंतींना बुरशी असेल तर बांबोळीच्या डॉक्टरांना न विचारताही सांगा. गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, वर्षभर घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर जीवावर बेततं.

प्रश्न : सीओपीडीसाठी घरी ऑक्सिजनचं मशीन घेतलंय. धाप लागली की वडील अर्धा-एक तास लावतात. बरोबर आहे ना? (दापोली)

उत्तर : बसलेले असताना बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन किती टक्के दाखवतं ते आधी कळवा, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना कळवा. सतत ८८ किंवा त्याखाली असेल आणि रक्ताच्या तपासणीतही तसंच आलं तर ऑक्सिजनने आयुष्य वाढतं, पण रोज किमान १५ तास लावला तर, हे १९८०-८१ च्या दोन अभ्यासांत दिसलंय, अर्ध्या तासाने तसा फायदा होत नाही. आणि ८९ ते ९३ च्या मध्ये असेल तर २०१६ च्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलं नाही, हॉस्पिटलच्या फेऱ्याही कमी झाल्या नाहीत, मग वीजबिल कशाला वाढवायचं, तेवढे पैसे चांगल्या पंपावर आणि फ्लू-न्यूमोनियाच्या लसींवर घाला. मशीन कितीवर ठेवायचं तेही डॉक्टरांनी ठरवू दे, सीओपीडीमध्ये जास्त ऑक्सिजनने गुंगी येऊ शकते. पावसात लाइट जातेच, म्हणून एक भरलेला सिलिंडर घरात हवा. मशीन चालू असताना त्या खोलीत चूल, विडी, निरांजन, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही, देवघर त्याच खोलीत असेल तर वडिलांचा पलंग पडवीत घ्या.